फेनवेची हिरवी भिंत होमरन अडवायला बांधली? नाही हो!

बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल स्टेडियमबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की डावीकडची बाउंड्री फारच जवळ पडली म्हणून होमरन (बेसबॉलमधला सिक्सरच म्हणा) अडवायला तिथे ती अवाढव्य हिरवी भिंत उभी केली. ऐकायला पटतं, पण तसं नाहीये.

स्टेडियम सुरू झालं एप्रिल 1912 मध्ये, आणि तेव्हाचा बेसबॉल म्हणजे बॉल मऊ, होमरन अगदी क्वचित, त्यामुळे अडवायचं काय होतं? मैदानाचा आकार वेडावाकडा कारण जागाच तशी, डाव्या बाजूला लगेच लान्सडाउन स्ट्रीट, आणि रस्त्यावरून लोक फुकटात मॅच बघतील म्हणून मालकांनी लाकडी भिंत घातली. थोडक्यात फुकट्यांचा बंदोबस्त! भिंतीपुढे साधारण 10 फुटांचा उतार पण होता, फिल्डर बिचारा चढ चढत कॅच घ्यायचा, मला तर हे भिंतीपेक्षा भारी वाटतं. 1934 च्या रिनोव्हेशनमध्ये तो जवळपास सपाट केला, लाकूड गेलं, पत्र्याची नवीन भिंत आली आणि हाताने आकडे लावायचा स्कोअरबोर्डही, जो आजही हातानेच चालतो.

आणि हिरवी? तीही सुरुवातीपासून नाही. आधी तिच्यावर जाहिरातीच जाहिराती होत्या, हिरवा रंग लागला 1947 मध्ये. उंची 37 फूट 2 इंच, वरच्या सीट्स तर 2003 च्या.