'दऱ्याखोऱ्या' लिहून दाखवा: फोनवरच्या मराठीची पार्श्वभूमी

माझे एक काका नवा फोन घ्यायला निघाले की दुकानदाराची परीक्षा असते. मेगापिक्सेल किती, बॅटरी किती वेळ टिकते, हे ते विचारत नाहीत. मांडलेला फोन उचलायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि एकच शब्द टाइप करायचा: दऱ्याखोऱ्या. तो 'दर्याखोर्या' असा उमटला की फोन परत टेबलावर. "मला डोंगर हवेत, हा समुद्र दाखवतोय," असं म्हणून ते पुढच्या दुकानाकडे वळतात.

याच काकांचं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचीशी बारमाही भांडण चालू असतं. ती रोमन अक्षरांत मराठी लिहिते आणि काकांच्या मते ते पुरणपोळीवर टोमॅटो सॉस घालण्यासारखं आहे. भाचीचं म्हणणं असं की मराठी कीबोर्डवर एक वाक्य लिहायला लागतो तेवढ्या वेळात तिची बस जंगली महाराज रस्ता ओलांडून जाते. पुण्यात हा वाद घरोघरी आहे आणि तो बहुतेक वेळा भाषाभिमान विरुद्ध आळस असा मांडला जातो. मला ते पटत नाही. दोघांच्याही सवयी त्यांच्या हाती पडलेल्या यंत्रांनी लावल्या आहेत.

सुरुवात कागदापासून करावी लागेल. मराठी माणूस हाताने झरझर लिहायचा ती मोडी लिपी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे जे रुमाल बांधून ठेवले आहेत, ते उघडले की लेखणी कशी न थांबता पळत असे ते दिसतं. पण मोडी छापायला अवघड. छापखान्यांनी बाळबोध, म्हणजे आपली आजची देवनागरी, उचलली, १९१७ मध्ये मुंबई सरकारनेही बाळबोधीलाच पसंती दिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली. यंत्राच्या सोयीसाठी मराठीने दिलेली ही पहिली मोठी किंमत. (युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी यादी. तिच्यात मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली. तोवर ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.)

बाळबोधही काही सोपी नव्हती. छापखान्यात धातूचे खिळे जुळवणारा तो जुळारी. इंग्रजी जुळाऱ्याचं काम थोडक्या खिळ्यांत भागतं. देवनागरीत अक्षरं, जोडाक्षरं, वर-खाली लागणाऱ्या मात्रा धरल्या तर शेकडो खिळे लागतात आणि त्यांचे खण भिंतभर पसरतात. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला. ही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यावर खुद्द टिळकांनी डोकं चालवलं होतं. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली: इ, ई, उ, ऊ यांना वेगळे खिळे नकोत, 'अ'लाच वेलांटी आणि उकार लावा, अि, अी, अु, अू. १९५३ मध्ये लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली. तिने तर ह्रस्व इकार अक्षराच्या उजवीकडे न्यायचं ठरवलं, फक्त त्याचा दांडा आखूड ठेवून. लोकांच्या डोळ्यांना ते रुचलं नाही आणि काही वर्षांत ते मागे पडलं. यंत्राला पटतं ते डोळ्याला पटत नाही, ही अडचण इथून पुढे मराठीच्या मागे कायम लागली.

आता टाइपरायटर, कारण काकांचा स्वभाव तिथे घडला आहे. यंत्राला पंचेचाळीसच्या आसपास कळा, प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे नव्वदेक जागा. त्यात सगळी बाळबोध बसवायची. त्यासाठी केलेली युक्ती मला आजही मजेदार वाटते. भ, ध, थ, ण, श यांसारख्या बऱ्याच अक्षरांना पूर्ण कळच द्यायची नाही. अर्धा भ मारायचा आणि पुढे काना मारायचा, झाला भ. तोच काना 'भात'मधल्या 'भा'ला पुन्हा मारायचा. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. 'कर्म' लिहायचं तर क, म आणि शेवटी वरचा रफार. थोडक्यात, टाइपरायटरला शब्द कसा उच्चारतात याच्याशी घेणं नव्हतं, तो कसा दिसतो एवढंच त्याला हवं होतं. टंकलेखक एका अर्थी चित्र जुळवत असे.

गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं सरकारी कचेरीत लिपिक व्हायचं तर मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र लागायचं. या परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे, त्यामुळे पेठांमधल्या जिन्याजिन्यांवर टायपिंगचे क्लास होते. काका तिथेच मिनिटाला चाळीस शब्दांपर्यंत पोचले. अजून बोलता बोलता त्यांची बोटं मांडीवर चालतात.

मग पुण्यातच एक वेगळी गोष्ट घडली. १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. सी-डॅक म्हटलं की लोकांना १९९१ चा 'परम ८०००' हा महासंगणक आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण मला विचाराल तर सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत पोचलं ते त्याच आवारातलं जिस्ट, संगणकावर भारतीय लिप्या आणणारं तंत्र. मूळ काम आयआयटी कानपूरचं, ते पुढे मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात आलं. साध्या पीसीच्या खाचेत एक कार्ड बसवायचं की डॉसवरच्या ज्या प्रोग्रामांना इंग्रजीपलीकडे काही ठाऊक नव्हतं, त्यांच्यात देवनागरी उमटायची.

जिस्टबरोबर आला इन्स्क्रिप्ट हा कळफलक, आणि त्याने टाइपरायटरचं तत्त्वच उलटं केलं. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी, तोंडाने म्हणतो त्या क्रमाने. 'कर्म' म्हणजे क, र, हलन्त, म. रफार कुठे चढवायचा, वेलांटी कुठे काढायची, ते यंत्र बघून घेईल. शिवाय कळांची हीच मांडणी बंगालीला, तेलुगूला, गुजरातीलाही चालते, कारण वर्णमालेची घडण एकच. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्की ही भारतीय लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी संकेतपद्धती मानक म्हणून स्वीकारली. युनिकोडने देवनागरीसाठी जी १२८ घरांची चाळ बांधली, तिच्यातली बिऱ्हाडं इस्कीच्या क्रमानेच राहायला आली.

माझ्या मते मराठीसाठी झालेलं हे सर्वांत शहाणं काम. आणि तरी पुढची पंधरा-वीस वर्षं पुण्याने त्याच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. कारण नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं. खिळे गेले, जुळारी गेले, आणि लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं पेजमेकर या प्रोग्राममध्ये जुळू लागलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी घरोघरच्या छापखान्यांत पोचली. सी-डॅकचे सुरेख, योगेश हे फॉन्ट आले. शिवाजी आला, कृतिदेव आला. अक्षरं देखणी होती, छपाई सुबक होती, पण आत सगळा वेषांतराचा प्रकार होता. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. फॉन्टने फक्त इंग्रजी अक्षराच्या तोंडावर मराठी मुखवटा चढवलेला. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहा आणि फॉन्ट काढून घ्या, मागे उरतात ई, जे, के, मोठा बी आणि एच. दुसऱ्या फॉन्टमध्ये त्याच शब्दाच्या मागे वेगळीच अक्षरं. आणि टाइपिंग? बहुतेक ठिकाणी तेच टाइपरायटरचं. आधी वेलांटी, मग क. टायपिंग क्लासमधून निघालेली हजारो बोटं तयार होती, त्यांना नवं कोण शिकवणार? धंदा म्हणून ते चूक नव्हतं.

त्याचा भुर्दंड नंतर बसला. आमच्या आजोबांनी आठवणी लिहून ठेवल्या होत्या, त्या एका डीटीपीवाल्याकडून जुळवून घेतल्या, पन्नासेक प्रती काढल्या आणि फाइल फ्लॉपीवर जपून ठेवली. दहा-बारा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायला बसलो तर पडद्यावर टिंबं, कंस आणि टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं. तो फॉन्ट कोणता हे सांगणारा माणूस धंदा बंद करून गावी गेलेला. शेवटी छापील प्रतीवरून पुन्हा सगळं टाइप केलं, दोनशे पानं. पुण्यातल्या किती घरांत, मंडळांत, संस्थांत अशी सीलबंद मराठी पडून असेल, याचा विचार नको वाटतो.

याच काळात भाचीच्या पिढीच्या हातात मोबाइल आला. इथे एक साधा हिशेब आहे आणि तो रोमन लिहिणाऱ्यांना बोल लावणाऱ्या प्रत्येकाने एकदा करून बघावा. एसएमएसमध्ये इंग्रजीला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०. संदेशाची थैली दोन्हीकडे १४० बाइटचीच, पण इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं आणि देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला सोळा लागतात. प्रत्येक खुणेला, म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळ्यांना वेगवेगळं. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा. मोबाइलच्या हिशेबात पंधरा. असे पाच शब्द लिहिले की दुसऱ्या संदेशाचे पैसे सुरू, आणि दिवाळीच्या दिवशी तर सवलतीची पॅकही चालत नसत. शिवाय समोरच्याच्या फोनला देवनागरी येत नसेल तर त्याला दिसणार चौकटींची रांग. अशा वेळी कॉलेजातल्या पोरांनी रोमनमध्ये 'कुठे आहेस' विचारलं, तर तो आळस म्हणायचा की व्यवहार?

संगणकावर युनिकोड हळूहळू रुजत होतं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट आला. विंडोज एक्सपीवर मात्र ती सुरू करायला मूळ सीडी शोधून आणावी लागायची, आणि ती कोणाकडे असायची? मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर सुरू झाला. मग उच्चारानुसार लिहिण्याची साधनं आली: रोमनमध्ये टाइप करा, देवनागरीत उमटेल. एसएमएसने लागलेली सवय तशीच ठेवून मराठी लिहिण्याची ही पळवाट निघाली आणि इन्स्क्रिप्ट पुन्हा मागे राहिलं. २०१६ च्या भारतीय मानकाने मोबाइलवर सर्व राजभाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी-हिंदीखेरीज आणखी एका भाषेत लिहिता आलं पाहिजे, असं सांगितलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी आली. आमची आत्या तेव्हापासून फोनला दटावून पत्रं लिहिते.

मग आता काय अडतं? तर काकांचा तोच शब्द.

इन्स्क्रिप्टचं आणि युनिकोडचं तत्त्व असं की तुम्ही उच्चार सांगा, रूप यंत्र ठरवेल. बहुतेक भारतीय भाषांना ते पुरतं. मराठीत एके ठिकाणी गोची होते. 'दर्या' आणि 'दऱ्या', दोन्हींत र नंतर य. पण पहिल्यात आघात 'द'वर येतो आणि रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात आघात येत नाही आणि र आडवा होऊन य ला चिकटतो. आचार्यास दक्षिणा देतात आणि आचाऱ्यास भाजी किती ते सांगतात. हिंदीला हा भेद लागत नाही, त्यामुळे ज्यांनी हिंदी चालली म्हणजे देवनागरी झाली असं धरलं, त्यांच्या फोनवर काकांचे डोंगर बुडाले. युनिकोडने सोय केली, पण ती दोन प्रकारांनी. एक, इस्कीतून आलेला नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घ्या आणि त्याला हलन्त लावून य जोडा. दोन, साधा र, हलन्त आणि मध्ये शून्य रुंदीचा एक न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन निराळे शब्द. एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर अनेक ठिकाणी सापडत नाही.

'ॲप'चीही तीच तऱ्हा. अ वर अर्धचंद्र असलेलं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ते वर्णमालेत घेतलं. तोवर लोक हिंदीतला ऍ वापरत किंवा अ ला चंद्र चिकटवून अॅ करत. तिन्ही आजही सुखाने नांदतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हा आणखी एक जुना सल. फॉन्टात त्यांची सोय असली तरी मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामने सांगावं लागतं, नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं येतात.

गेल्या महिन्यात भाचीने काकांना ट्रेकची यादी पाठवली, चक्क देवनागरीत, उच्चारी कीबोर्डवरून लिहून. काकांनी आनंदाने ती स्वतःच्या जुन्या सहलींच्या वहीला जोडली, जी त्यांनी इन्स्क्रिप्टमध्ये टाइप केली आहे. नंतर 'खोऱ्यात' हा शब्द शोधला तर फक्त त्यांच्याच नोंदी निघाल्या. भाचीची एकही नाही. "बघा, म्हणून मी रोमनमध्ये लिहिते," ती म्हणाली. काका सध्या तिच्या यादीतले सगळे ऱ्या एकेक करून बदलत बसले आहेत.