रस्त्याकडेचा काळा कातळ

अलिबागहून मुरुडकडे किनाऱ्याने जाताना एखाद्या वळणावर डोंगराची उघडी बाजू अंगावर येते: दहा-बारा मीटरांची काळी भिंत, माथ्यावर करवंदीच्या जाळ्या, पायथ्याशी गटार. इतरांच्या ती लक्षातही येत नाही. कातळात आधीच मारलेल्या बोल्टांना दोर अडकवत चढण्याची, म्हणजे स्पोर्ट क्लाइंबिंगची, सवय असलेला माणूस मात्र गाडी थांबवून मान वर करतो. ती भिंत कशी चढायची, हे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तिथला लाव्हा कसा थिजला यावरच बरेचसे ठरलेले असते.

बेसाल्टचा लाव्हा सुमारे 1,100 ते 1,200 अंश सेल्सिअस तापमानाला वाहतो. त्यात विरघळलेले वायू दाब कमी होताच बुडबुडे होऊन वर सरकतात आणि वरची साय घट्ट झाली की तिच्याखाली अडकतात; त्यामुळे प्रत्येक थराचा माथा जाळीदार होतो आणि मधला भाग ठोस राहतो. पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्यातून या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट यांसारखी खनिजे साचली. मी पाहिलेल्या एका भिंतीत छातीच्या उंचीवर सुपारीएवढे पांढरे ठिपके होते, आणि त्यांतले काही गळून गेल्याने बोटाचे एक पेर जेमतेम मावेल असे खळगे तयार झाले होते. दिसायला पकड झकास. पण बोट आत घालून जरा ओढताच काठाचा भुगा हातात आला. पाणी सर्वांत आधी याच जाळीदार भागात शिरते आणि तो कुजवते.

ठोस भागात भरवसा ठेवायचा तो भेगांच्या कडांवर. थिजताना खडक आकसतो, तडकतो, आणि हे तडे थंड होत जाणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात आत उतरत जातात. ही क्रिया सावकाश आणि सारखी झाली की बहुकोनी खांब तयार होतात. अंधेरीची सुमारे 60 मीटर उंच गिल्बर्ट हिल हे त्याचे ठळक उदाहरण. रस्त्याकडेच्या भिंतीत इतकी शिस्त क्वचितच असते, पण धारदार कडा मिळतात. मात्र चारही बाजूंनी भेगा असलेला ठोकळा कितीही ठोस दिसला तरी तो सुटा असू शकतो, म्हणून बोल्ट मारण्याआधी हातोडीने ठोकून पाहतात: खणखणीत आवाज आला तर बरे, भद्द आला तर आत पोकळी आहे. दोन थरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्यात बोल्ट मारण्याचा प्रश्नच येत नाही, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या जांभ्याचे चिरे काढता येतात, त्याच्यावर जीव टांगण्याचा विचार न केलेलाच बरा.

भिंत लहान म्हणजे धोका कमी, हा समज चुकीचा आहे. चढणारा शेवटच्या बोल्टच्या एक मीटर वर असताना हात सुटला, तर दोराचा ताण जमेस न धरताही तो दोन मीटर पडतो. झटका किती बसणार हे नुसत्या या उंचीवर ठरत नाही; पडण्याची लांबी भागिले बाहेर सोडलेल्या दोराची लांबी, या गुणोत्तरावर ठरते, कारण नायलॉनचा दोर जितका लांब तितका तो जास्त ताणला जाऊन ऊर्जा शोषतो. बारा मीटर दोर बाहेर असेल तर हे गुणोत्तर एक षष्ठांश येते; चारच मीटर असेल तर तेच वाढून एक द्वितीयांश होते, शिवाय जमीन लगेच खाली असते. म्हणून खालचे बोल्ट जवळजवळ मारावे लागतात.

पण कोकणात खरी काळजी खाऱ्या हवेची. खिडकीचे लोखंडी गज इथे कसे पोपडे धरतात हे सांगायला नको. तो गंज निदान डोळ्यांना दिसतो. स्टेनलेस स्टीलचे दुखणे त्याहून लबाड असते. मिठातले क्लोराइड आणि धातूतला ताण एकत्र आले की आत केसासारख्या चिरा वाढत जातात, आणि वरून चकचकीत दिसणारा बोल्ट एके दिवशी थोड्या भारानेही तुटू शकतो. थायलंडच्या किनाऱ्यावरील चुनखडीच्या कड्यांवर असे बोल्ट तुटल्यावर तिथे टायटॅनियमचे बोल्ट खडकात डिंकासारख्या राळेने चिकटवून बसवू लागले. ते महाग पडतात, पण समुद्राशेजारी स्वस्त बोल्ट मारण्यापेक्षा न मारणे मला योग्य वाटते.

इथे पावसाची एक गंमत आहे. जून ते सप्टेंबरच्या सरी उघड्या भिंतीवरचे मीठ धुऊन नेतात, पण पुढे आलेल्या कातळाच्या पोटाखाली एक थेंबही पोहोचत नाही, आणि तिथे वर्षानुवर्षे मीठ साचत राहते. दिवाळीनंतर दोर बाहेर काढला की सर्वांत आधी तपासायचे ते या कोरड्या, आडोशाच्या जागेतले बोल्ट.