पार्श्वभूमी : ‘अकरा वेळा आमदार’ म्हणजे नेमके काय? सांगोल्याचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागला तेव्हा शेतकरी कामगार पक्षाच्या, म्हणजे शेकापच्या खात्यावर राज्यभरातून एकच जागा पडली, ती सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याची. निवडून आले ते इथूनच अकरा वेळा आमदार झालेल्या गणपतराव देशमुखांचे नातू. गुलाल उधळला गेला तसे ‘अकरा वेळा आमदार’ हे शब्दही पुन्हा उडाले. शब्द खरे आहेत. त्यांना पुढेमागे चिकटवली जाणारी विशेषणे मात्र तपासून घ्यावी लागतात, कारण ‘सलग अकरा’, ‘अकरा टर्म’, ‘देशात सर्वाधिक’ हे तीनही प्रयोग सर्रास होतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

आधी यादी मांडू. १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. अकरा भरतात. या यादीत १९७४ पाहून कोणीही थबकेल, कारण त्या वर्षी विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक नव्हतीच. ती सांगोल्याची पोटनिवडणूक. १९७२ ला गणपतराव काँग्रेसच्या उमेदवाराकडून पडले होते. दोन वर्षांत जागा रिकामी झाली आणि ते परत सभागृहात आले. म्हणजे पोटनिवडणूक धरली नाही तर आकडा दहावर येतो.

धरायची की नाही? माझ्या मते धरलीच पाहिजे. मतदान झाले, मोजणी झाली, निवडून आल्याचे प्रमाणपत्र मिळाले; लोकांनी कौल दिला तो दिलाच. पण मग ‘अकरा टर्म’ म्हणता येत नाही. १९७२ ला निवडलेल्या चौथ्या विधानसभेची पहिली दोन वर्षे ते बाहेर होते. पाचवी विधानसभा तर जेमतेम दोन वर्षे टिकली; १९७८ ला स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९८० मध्ये राष्ट्रपती राजवट लागताच संपली. अकरा सभागृहांचे ते सदस्य होते हे बरोबर, अकरा पूर्ण मुदती त्यांनी भोगल्या हे चूक.

‘सलग’ हा शब्द तर काढूनच टाकावा. १९७४ ते १९९० हे सलग पाच विजय, तीच त्यांची सर्वांत लांब मालिका. १९९९ ते २०१४ हे सलग चार. मध्ये १९९५ चा खड्डा आहे, आणि तो लहान नाही. त्याकडे पुढे येऊ. विधानसभेला सांगोल्यातून ते १३ वेळा उभे राहिले, ११ वेळा आले, दोनदा पडले. वर्षांचेही तसेच. २०१९ मधून १९६२ वजा केले की ५७ येतात, पण बाहेरचा काळ वगळला तर आधीची दहा, मधली सुमारे एकवीस आणि शेवटची वीस अशी बेरीज एक्कावन्नच्या आसपास थांबते. अर्धशतक भरते. त्यापुढे ताणायची गरज नाही.

‘देशात सर्वाधिक’ हा दावा तपासायचा तर तामिळनाडू आणि केरळकडे पाहावे लागते. करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत १३ वेळा विधानसभेवर निवडून आले आणि एकदाही पडले नाहीत. नुसत्या संख्येत ते पुढे आहेत, यात वाद नाही. पण कुळित्तलैपासून तिरुवारूरपर्यंत त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. म्हणून मराठी बातम्यांत ‘एकाच मतदारसंघातून’ ही पुस्ती जोडली जाऊ लागली. ती जोडली की केरळचे के. एम. मणी आडवे येतात. पाला या एकाच मतदारसंघातून ते १९६५ ते २०१६ दरम्यान १३ वेळा आले. त्यातही गंमत आहे. १९६५ ला केरळात कोणालाच बहुमत मिळाले नाही आणि ती विधानसभा भरलीच नाही. मणींचा पहिला विजय असा, ज्यावर त्यांना सभागृहात बसताच आले नाही. आपल्याकडे १९७४ ची पोटनिवडणूक मोजायची का हा जो प्रश्न, त्याचीच ही केरळी आवृत्ती. ओमन चंडी पुदुपल्लीतून १९७० ते २०२१ या काळात १२ वेळा आले, तेही न पडता.

मग शिल्लक राहते ‘एकाच पक्षाकडून’. केरळ काँग्रेस इतक्या वेळा फुटली आणि जुळली की मणींचा पक्ष कायम तोच होता असे म्हणायला धाडस लागेल. चंडीही ऐंशीच्या आसपास काही काळ काँग्रेसच्या दुसऱ्या गटातून लढले. गणपतरावांचा पक्ष १९६२ ला शेकाप होता आणि २०१४ लाही शेकापच. मतदारसंघ एक, पक्ष एक आणि अकरा विजय, या तीन अटी एकत्र लावल्या तर त्यांचा दावा भक्कम उभा राहतो. अटी सुट्या केल्या तर नाही. विक्रमाच्या बातम्यांत पहिली दोन वाक्ये छापली जातात आणि अटी गळतात, हा खरा घोळ. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईतले एक आमदार १९९० पासून नऊ वेळा आले आहेत. शिवसेना, काँग्रेस, भाजप असा त्यांचा प्रवास, आणि त्यांच्या नऊमध्येही एक पोटनिवडणूक आहेच.

पक्ष न बदलण्याची किंमत कळायला शेकापचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. १९६२ ला या पक्षाचे १५ आमदार होते, १९६७ ला १९. १९७२ च्या इंदिरा लाटेत ७. १९७८ ला पुन्हा १३, १९८५ लाही १३. नंतर उतार: १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला अवघे २. पक्ष रायगडात आणि इकडे-तिकडे चार तालुक्यांत उरला, तरी सांगोल्याचा माणूस तिथेच राहिला. बाकीच्या जिल्ह्यांतले शेकापचे वाडे काँग्रेसमध्ये कसे रिकामे झाले हे सांगायला नको.

पहिल्या पर्वाविषयी थोडक्यात. पुण्यात वकिली शिकून आलेला तरुण सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातून १९६२ ला निवडून येतो, तेव्हा राज्यात २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या असतात. पुढच्याच नव्हे, तर त्यापुढच्याही काळात विरोधी बाक हाच त्यांचा पत्ता. १९७७ मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले, म्हणजे ज्या विधानसभेत ते पोटनिवडणुकीने मागाहून शिरले होते तिच्याच अखेरीला. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात मंत्री झाले. ते सरकार कसे आले आणि कसे गेले यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

आता १९९५. त्या निवडणुकीत राज्यभर काँग्रेस पडली आणि युती सत्तेवर आली. सांगोल्यात मात्र उलटे झाले. तिथे काँग्रेसचा तरुण उमेदवार निवडून आला आणि पाच वेळा सलग आलेले गणपतराव पडले. फरक १९२ मतांचा. तेव्हा मतपत्रिका होत्या. पन्नासचा एक गठ्ठा धरला तर टेबलावर चार गठ्ठेही पुरे भरत नाहीत, एवढ्यावर तालुक्याचा आमदार बदलला. तालुक्यात आजही जुनी माणसे हा आकडा विचारल्याबरोबर सांगतात. अकरा विजयांपैकी एकाचेही मताधिक्य त्यांना असे तोंडपाठ नसते.

१९९५ ते १९९९ हा काळ चरित्रलेखांत दोन ओळींत उरकला जातो, आणि मला तेच खटकते. कृष्णेच्या पाण्याचा राज्यातला सगळ्यात गरम काळ तो. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ ला महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मे २००० पर्यंत अडवून वापरायचे होते. त्यासाठी १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले, टेंभूसारख्या उपसा योजनांना वेग आला. सांगोल्याच्या पाण्याचे भवितव्य ठरत असताना सांगोल्याचा हा माणूस सभागृहात नव्हता. तो आटपाडीच्या पाणी परिषदांत होता. १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांतली माणसे तिथे जमत होती, समन्यायी वाटपाची मागणी करत होती. आमदारकी गेलेला नेता मंडपातल्या सतरंजीवर बसून लवादाच्या तारखा सांगतो, हे चित्र ‘अकरा वेळा’ या हिशेबात कुठेच बसत नाही. माझ्या मते १९९९ चा विजय त्या सतरंजीवरूनच आला.

१९९९ ला परत आल्यावर शेकापचे पाच आमदार नव्या आघाडी सरकारसोबत गेले आणि गणपतराव पुन्हा मंत्री झाले. जून २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढला. कारण रायगडातल्या स्थानिक कुरघोडीचे होते. सांगोल्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. त्यांनी पद सोडले. सरकार विश्वासदर्शक ठराव जिंकून टिकले. दोन्ही वेळा मंत्रिपद पाव-अर्ध्या मुदतीत संपले, त्यामुळे मंत्री म्हणून त्यांची नोंद तोकडीच आहे. त्यांना तालुका ओळखतो तो सूतगिरणीमुळे, चारा छावण्यांतल्या फेऱ्यांमुळे आणि एसटीमुळे. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी चालवून दाखवणे हा वेड्यात काढला जाईल असा उद्योग होता, आणि तो चालला. एसटीतल्या एका आसनावर आमदारांसाठी राखीव असे रंगवलेले असते. त्यावर खरोखर आमदार बसलेला पाहिलेले प्रवासी महाराष्ट्रात विरळा. सांगोल्याच्या गाड्यांत ते भेटतात.

२००९ ला मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरची पहिली निवडणूक झाली. पंढरपूर तालुक्यातला भाळवणीचा भाग सांगोल्याला जोडला गेला होता आणि लोकसभेला तालुका पंढरपूरऐवजी माढ्यात गेला. तरी निकाल बदलला नाही. २०१४ ला मोदी लाट आणि चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढत असताना ते सुमारे पंचवीस हजारांनी आले. वय नव्वदीला टेकत आलेले. समोर तेच १९९५ चे प्रतिस्पर्धी होते, आता शिवसेनेतून.

२०१९ ला त्यांनी उभे न राहण्याचे ठरवले, आणि इथे सर्वांत अडचणीचा निर्णय आला. आधी घराबाहेरचे नाव पुढे करण्यात आले. घराणेशाहीवर टीका करत आलेल्या पक्षाला ते शोभणारेही होते. पण कार्यकर्त्यांनी ऐकले नाही. देशमुखांच्याच घरातला उमेदवार हवा, असा हट्ट खालून धरला गेला आणि शेवटी नातवाला उमेदवारी मिळाली. याला घराणेशाही म्हणायचे का? वरून लादलेली नव्हती, हे मान्य. तरी पन्नास वर्षांत दुसऱ्या फळीतला एकही चेहरा तालुक्याला आपला वाटू नये, ही नोंद पक्षाच्या नावेच पडते. नातू ७६८ मतांनी पडला. हरवणारे तेच, १९९५ चे. १९२ ची चौपट केली की ७६८ येतात. योगायोगच, पण सांगोल्यात तो कुणी ना कुणी सांगतोच. त्याच आमदारांचे जून २०२२ मधले गुवाहाटीचे फोनवरचे वर्णन, झाडी, डोंगार आणि हाटील, राज्यभर गाजले. बाहेरच्या माणसाला सांगोला तेव्हा कळला, ही आमच्यासारख्या तालुक्याच्या राजकारणाचा हिशेब ठेवणाऱ्यांची जुनी खंत.

गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. २०२४ ला शेकापने दुसऱ्या नातवाला उभे केले. शेकाप महाविकास आघाडीत असूनही आघाडीतल्या शिवसेनेने सांगोल्यात आपला उमेदवार दिला. समोर शिंदे गटाचे विद्यमान आमदार होते. तिरंगी लढतीत शेकाप साधारण पंचवीस हजारांनी आला. दोन्ही सेनांची मते एकत्र केली तर ती शेकापच्या मतांहून जास्त भरतात, त्यामुळे हा निकाल म्हणजे १९६२ पासूनच्या विश्वासाची पावती असे म्हणताना जरा हात आखडता घ्यावा लागतो. पंधराव्या विधानसभेत शेकापचा सदस्य एक आहे. दुसऱ्या विधानसभेत, आजोबा पहिल्यांदा गेले तेव्हा, पंधरा होते.