गाळपेर जमीन

धरणाचे पाणी ओसरू लागले की काठाकाठाने उघडी पडणारी, गाळाने माखलेली जमीन म्हणजे गाळपेर. पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर चढते त्या रेषेच्या, आतले हे बुडीत क्षेत्र धरण बांधतानाच संपादित झालेले असते, म्हणून मालकी जलसंपदा विभागाची किंवा पाटबंधारे विकास महामंडळाची. कागदावरचा मालक तोच राहतो. जमिनीवर पाय कोणी आणि कधी ठेवायचा, हे मात्र पाणी ठरवते.

गायरानाशी तिची नेहमी गल्लत होते. गायरान गावच्या गुरांसाठी राखलेले असते. गाळपेरीवर चराईचा तसा राखीव हक्क कोणालाच नाही. विभाग ती एका हंगामापुरती भाडेपट्ट्याने कसायला देतो, आणि अग्रक्रम धरणात जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना. म्हणजे आजोबांच्या बुडालेल्या वावरात नातू सरकारचा भाडेकरू होऊन हरभरा पेरतो. मुरलेल्या ओलीवर ज्वारी, कलिंगड, काकडीही येते. पाणी अवेळी चढले तर उभे पीक गेले म्हणायचे.

गुराख्याचा वावर या कागदांत फारसा दिसत नाही, पण जमीन सर्वांत जुन्या अर्थाने वापरतो तोच. पीक निघाले की धसकटांवर आणि कोवळ्या गवतावर गावची गुरे उतरतात, धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तळ, येतात. मेंढरे बसवली तर लेंडीखत मिळते, म्हणून पट्टेदारही खूश. भांडण पेटते ते पीक उभे असताना. पाण्यावर जायची वाट बाभळीच्या काट्यांनी बंद केली की गुरे, मासेमार आणि त्यांच्या होड्या, सगळेच अडतात.

भीमेवरच्या उजनी धरणात (1980) हा खेळ मोठ्या पटावर चालतो. सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे तळाचे, नेहमीच्या वापरात न धरलेले पाणी आहे. दुष्काळी वर्षी पाणी त्याच्याही खाली, ‘वजा’ टक्क्यांत जाते. मग पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते आणि त्याच्या आसपास जनावरे चरताना दिसतात. भिगवणकडच्या उथळ पाण्यात तेव्हाच रोहित पक्षी चरत असतात.

2018 च्या दुष्काळात राज्य सरकारने गाळपेर जमिनी चारा पिकांसाठी नाममात्र 1 रुपया भाड्याने देण्याचे ठरवले. निर्णय चांगलाच, पण त्यातही जमीन मिळणार होती ती चारा पेरणाऱ्याला. नुसता चारणारा बाहेरच.

जायकवाडीच्या नाथसागरावर आणखी एक मालक येऊन बसला आहे. 1986 साली हा जलाशय पक्षी अभयारण्य जाहीर झाला, त्यामुळे पाटबंधारे खात्याच्या जमिनीवर वनखात्याचे नियम लागू झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 33-अ नुसार लस न टोचलेले जनावर अभयारण्यात चारता येत नाही, आणि अभयारण्यापासून 5 किलोमीटरच्या आतल्या जनावरांच्या लसीकरणाची जबाबदारी कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकावर टाकली आहे.