भांगेच्या झाडाची काढणीची वेळ

भांगेचं झाड, म्हणजे कॅनाबिस सटायव्हा, काढायला कधी तयार होतं याचं एकच उत्तर नाही, कारण त्याच्यापासून नक्की काय हवंय यावर सगळं ठरतं. वाख (खोडाच्या सालीचा धागा) हवाय, बी हवंय की राळेने चिकट झालेला फुलोरा हवाय, तिन्हीची वेळ वेगळी. आणि भारतात कायद्याची रेघसुद्धा याच फुलोऱ्यावर ओढलेली आहे, म्हणून हा नुसता शेतीचा विषय राहत नाही.

झाड एका वर्षाचं. नर वेगळा, मादी वेगळी, आणि दिवस लहान व्हायला लागले की फुलणार. ठाणे जिल्ह्यात हे समजवायला गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात पुरतं: मुरबाड-शहापूरकडे जुनी गरवी जात लवकर लावा नाहीतर उशिरा लावा, रात्र मोठी झाल्याशिवाय ती निसवत नाही, तसंच याचं. ठाण्याला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान अकरा तासांच्या आसपास, त्यामुळे युरोप-अमेरिकेची काढणीची कॅलेंडरं इथे जशीच्या तशी बसत नाहीत. फुलोरा सुरू झाल्यापासून बऱ्याच जातींना ८ ते १० आठवडे लागतात, उष्ण प्रदेशातल्या जातींना अजून जास्त, पण आठवडे मोजून अंदाज येतो, खात्री नाही.

लांबून दिसणारी खूण म्हणजे मादी फुलातले केसासारखे तंतू. सुरुवातीला पांढरे, ताठ, मग तांबूस होऊन आत वळतात आणि बुडाशी फुलाचं आवरण फुगतं. बरेच लोक इथेच थांबतात आणि फसतात, कारण परागकण बसले, पाऊस-वारा लागला किंवा नुसता हात लागला तरी तंतू वेळेआधी तांबडे पडतात. खालची पानं पिवळी पडणं तर अजूनच बेभरवशाचं, नत्र कमी पडलं तरी तेच होतं.

खरी खूण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फुलावर आणि त्याच्या लहान पानांवर ट्रायकोम नावाच्या राळेच्या ग्रंथी असतात, बारीक देठ आणि वर गोल डोकं, अळंब्याच्या आकाराच्या. सराफाचं चांगलं भिंग किंवा ३० ते ६० पट मोठं दाखवणारा खिशातला मायक्रोस्कोप लावला की डोक्याचा रंग कळतो: आधी काचेसारखं पारदर्शक, मग दुधाळ, मग मधाच्या रंगाचं. पारदर्शक म्हणजे कच्चं, बहुतेक दुधाळ झाली म्हणजे टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य रसायन (ताज्या झाडात ते आम्लाच्या रूपात असतं), भरात आलेलं, आणि मधाचा रंग वाढत गेला की उतार लागला, कारण हवा आणि उजेडाने टीएचसीचं हळूहळू सीबीएन नावाचं दुसरं रसायन होत जातं. मधाच्या रंगाचा माल जास्त झोप आणतो असं सगळे छातीठोक सांगतात, पण सीबीएनमुळे झोप येते याला पुरावा तसा तोकडाच आहे. अजून एक घोळ असा की पानांवरच्या ग्रंथी फुलावरच्यांपेक्षा आधी पिकतात, म्हणजे पान बघून निर्णय घेतला तर फूल अजून कच्चंच.

वाखासाठी मात्र फुलोरा पिकायची वाटच बघत नाहीत, नर झाडं पराग सोडायला लागली की कापणी, पुढे धागा जाड आणि लाकडासारखा होत जातो. बियांचं उलट, बहुतेक दाणे टणक आणि करडे-तपकिरी व्हावे लागतात, पण सगळेच पिकायची वाट पाहिली तर आधीचे गळून जातात.

ब्रिटिश काळात गांजाची लागवड परवान्यावर चालायची, मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा त्यासाठी ओळखला जायचा. बंगालमध्ये नौगावला तर पोद्दार नावाचे खास जाणकार असत, ते शेतात फिरून नर झाडं फुलायच्या आधीच ओळखून उपटून टाकायचे, कारण बी धरलं की राळ कमी. सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९३-९४ मध्ये या सगळ्याची चौकशी केली.

कोकणपट्टीची हवा या फुलोऱ्याला बरी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ठाणे-नवी मुंबईत ऊन आणि दमट गरमी, मध्येच परतीचा पाऊस, आणि फुलोऱ्याच्या घट्ट कणसात पाणी अडकलं की बुरशी आतून सुरू होते, बाहेरून कळेपर्यंत देठ कुजलेला असतो.

कायदा १९८५ चा, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा. त्यात गांजा म्हणजे फुलं किंवा फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे जप्त मालाच्या वजनात पानं-बिया धरल्या का यावर कोर्टात वाद होतात, कारण १ किलोपेक्षा कमी ते किरकोळ आणि २० किलोपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण धरलं जातं. पण ही सूट झाड लावणाऱ्याला नाही. विनापरवाना लागवड हाच गुन्हा, फूल आलेलं असो वा नसो, कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड, मग ते शेत असो की घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटची बाल्कनी. उत्तराखंडने ०.३ टक्क्यांच्या आत टीएचसी असलेल्या औद्योगिक हेम्पला, म्हणजे याच झाडाच्या नशा न आणणाऱ्या जातींना, परवाने दिलेत, ते वाख आणि बियांसाठी. बाकी बाजारात भाजीला येणारी अंबाडी पानाने थोडीफार अशीच दिसते, पण तिचं फूल मोठं, फिकट पिवळं आणि मध्ये गडद लाल असतं, आणि हाताला राळ चिकटत नाही.