चौघांची एक गाडी आणि टोलचा पास: भुसावळ-जळगाव अपडाऊनवाल्यांसाठी

कॅलिफोर्नियात गाडीत पुरेशी माणसं असली की गर्दीच्या फ्रीवेवर वेगळी लेन मिळते. काचेवरच्या टोलच्या टॅगवर 1, 2, 3 अशी कळ असते, जितकी डोकी तितक्यावर सरकवायची. आपल्या नशिराबादच्या नाक्यावर एकटे जा नाहीतर पाच जण कोंबून जा, पैसे तेवढेच कापले जातात. इथे सवलत माणसांना नसते, गाडीला असते. म्हणून चौघांनी मिळून एका गाडीने जायचं ठरवलं असेल, तर आधी पासचं ठरवा.

पहिला, स्थानिक मासिक पास. घर नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत आणि गाडी खासगी नोंदणीची, एवढीच मुख्य अट. 2025-26 मध्ये याचा दर महिन्याला 350 रुपये होता. दर एप्रिलमध्ये बदलतो. त्या एका नाक्यावरून कितीही फेऱ्या करा. मात्र सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर हा पास देऊ नये, असं 2008 च्या शुल्क नियमांतच लिहिलंय. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. नियमात शब्द 'कॅलेंडर महिना' असल्यामुळे पास 20 तारखेला काढण्यापेक्षा 1 तारखेला काढलेला बरा.

आरसी, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि चालू फास्टॅग घेऊन नाक्यावरच्या पासच्या खिडकीवर जायचं. माझ्या आरसीवर जुना, गावाकडचा पत्ता होता. खिडकीतल्या पोराने आरसी पाहिली, आधार पाहिलं आणि दोन्ही परत सरकवली. वीजबिलासाठी पुन्हा घरी. मूळ कागद आणि झेरॉक्स, दोन्ही जवळ ठेवा.

दुसरा, फास्टॅगचा वार्षिक पास. 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा किंमत 3000 रुपये होती. एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी. राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, म्हणजे धुळ्याजवळच्या लळिंग-सोनगीर नाक्यांवरही, समृद्धीवर नाही. त्यासाठी कुठल्या खिडकीवर जायला नको: राजमार्ग यात्रा ॲपवर गाडीचा नंबर टाकायचा, पैसे भरायचे, साधारण दोन तासांत पास सुरू. टॅगमधली शिल्लक यासाठी वापरता येत नाही. टॅग काचेवर चिकटवलेला हवा, ब्लॅकलिस्टमध्ये नको. नव्या गाडीवाल्यांची खरी अडचण वेगळीच: टॅग शोरूममधून चेसिस नंबरवर निघालेला असतो. बँकेकडून तो आधी एमएच 19 च्या नंबरवर करून घ्या, तोवर पास मिळत नाही.

आता हिशोब. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 50. वार्षिक पासच्या 200 फेऱ्या चार महिन्यांतच संपतात! एकच गाडी रोज काढणार असाल तर मासिक पासच घ्या. 2025-26 च्या दराने चौघांत वाटला तर माणशी 90 रुपयेही पडत नव्हते. पण आज तुझी, उद्या माझी असं आळीपाळीने चाललं, तर पास गाडीला बांधलेला असल्यामुळे प्रत्येकाला आपापला काढावा लागतो. प्रत्येक गाडीच्या वर्षाला 150 च्या आसपास फेऱ्या होतात, तेव्हा वार्षिक पास पुरतो आणि वर एखादी नाशिकची ट्रिपही निघते.

पेट्रोलची वर्गणी ओळखीच्या चौघांनी आपसात करावी. भुसावळ स्टेशनबाहेर "जळगाव, जळगाव" ओरडून पांढऱ्या पाटीच्या गाडीत सीटचे पैसे घेतले, तर तो विनापरवाना धंदा ठरतो. मोटार वाहन कायद्यात पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आहे, आणि काचेवरचा पास तेव्हा काही कामाचा नसतो.