महागडी साउंड सिस्टीम नेमकं काय जास्त ऐकवते?

‘मोबाइलवरही गाणं ऐकू येतंच की!’ हे आमच्या दुकानात रोज कानावर पडतं, आणि ते खोटं नाही. फरक मोठ्या आवाजात शोधू नका, हळू आवाजात शोधा. स्पीकरच्या चांगल्या जोडीवर आवाज बारीक ठेवूनही तानपुऱ्याच्या तारा सुट्या कळतात, डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड शेवटपर्यंत ऐकू येते. पातळ टीव्हीचे स्पीकर छोटे आणि बहुधा खाली तोंड केलेले असतात. खालच्या सुरांना पुरेशी हवा हलवावी लागते, ती त्यांच्याकडून हलत नाही.

पण निम्मं काम खोलीचं असतं. ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमधला हॉल म्हणजे खाली टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी आणि भिंतीला चिकटलेला सोफा. त्यात लाखाची जोडीही कर्कश वाजते. म्हणून खरेदीआधी घरी हे करून बघा. दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट अंतर ठेवा आणि तेवढ्याच अंतरावर समोर बसा. ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा स्पीकर, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. मागच्या भिंतीपासून निदान फूटभर जागा सोडा. कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर घुमतोच. बारा फुटी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीपाशी फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळपास गायब होतो. सोफा फूट-दीड फूट पुढे ओढला तरी फरक कळतो. मग घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. सोफ्यावरून आरशात जिथे ट्वीटर दिसेल, तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट आणा. समोर सतरंजी अंथरा.

खोक्यावरचा पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, वाचूच नका. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद, विचारा. आवाज 3 डेसिबलने वाढवायला दुप्पट वॉट लागतात, त्यामुळे 50 आणि 100 वॉटमध्ये ऐकताना फरक थोडाच. साध्या हॉलला खरे 40-50 वॉट सहसा पुरतात. वायरही साधी तांब्याची, दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची, घ्या. हजारोंची केबल आम्ही सुचवत नाही. ते पैसे स्पीकरमध्ये घाला.

बसवल्यावर गायक मधोमध न वाटता पसरट वाटला आणि बेस पातळ झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली असण्याची शक्यता मोठी. सतत ‘हंऽऽ’ असा गुणगुणाट येत असेल तर अॅम्प्लिफायर आणि सेट-टॉप बॉक्स एकाच बोर्डावर लावा. तरीही राहिला तर डिशची वायर काढून पाहा. थांबला तर त्या वायरीला आयसोलेटर, म्हणजे हा गुणगुणाट अडवणारा छोटा जोड, लागेल. थ्री-पिनची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, शॉक बसू शकतो.

आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम भुसभुशीत होऊन तुटतो. रबरी कड जास्त टिकते, सेकंडहँड घेताना जाळी काढून तेवढं बघाच. पावसाळ्यात सिस्टीम आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास वाजवा.

स्वयंपाक करताना नुसतं काहीतरी चालू हवं असेल तर ब्लूटूथ स्पीकर पुरे, आमच्याकडे येऊ नका. बसून ऐकणार असाल तर या, आणि येताना तुम्हाला पाठ असलेली दोन-तीन गाणी घेऊन या. आमच्या डेमोच्या गाण्यांवर सगळंच छान वाजतं.